उतारावरची हाक

माझा थोरला शहरातून परत आला त्या दिवशी मी डोंगरावर साल सोलत बसले होते. बायकांचं काम तेच. पुरुष झाडं पाडतात, फांद्या छाटतात आणि उरलेला ओंडका आम्ही सोलून नागडा करतो, म्हणजे तो उतारावरच्या चरातून सरसर खाली जातो. हात डिंकानं इतके चिकट होतात की तोंडावर आलेली बट मागं सारायची तरी चोरी. तशात खालून कुणीतरी खांद्याला पिशवी लावून चढताना दिसलं. चालीवरूनच ओळखलं मी. पोटच्या पोराची चाल ती, त्यात काय ओळखायचं!

मी उठेपर्यंत ह्यांनी बघितलं. हे म्हणजे माझा नवरा. वरच्या सपाटीच्या कडेला ओंडक्यांचा ढीग असतो, त्याच्यापाशी पहार घेऊन उभं राहायचं काम ह्यांचं. ओंडका कधी सोडायचा, कधी थांबवायचा, हे ह्यांच्या हातात.

"आलास का रे करप्या!" असे ओरडले की अख्ख्या डोंगराला कळलं. माणसाच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

पोरगा होता तिथं थांबला. हसला नाही, हात वर केला नाही. मग खाली मान घालून चढायला लागला. म्हटलं, काहीतरी बिनसलंय.

करपे म्हणजे आम्ही. भांड्याच्या बुडाला जे जळून चिकटतं, खरवडलं तरी निघत नाही, ते करपलेलं. खालच्या गावातली गोरी माणसं आम्हाला त्याच नावानं ओळखतात. दुकानात गेलं तर "करपीला आधी दे, जाऊ दे तिला." दवाखान्यात गेलं तर "करप्यांची रांग तिकडं." आता उगाच खोटं कशाला बोलू, आम्हीही एकमेकांना तेच म्हणायचो. ह्यांचा करवतीवरचा जुना जोडीदार बोका, तो रोज सकाळी दारात येऊन "चल रे करप्या, ऊन चढलं" म्हणायचा आणि हे "आलो रे करप्या" म्हणत पायात चपला सरकवायचे. त्यात कुणाला काही वाटायचं नाही. उलट ज्या दिवशी बोका नुसता "चला" म्हणाला, त्या दिवशी मी विचारलं होतं, भांडलात की काय दोघं?

आणि उतारावर तर तो शब्दच चालायचा. फार पूर्वी खालचे मुकादम वर उभे राहून "हटा करप्यांनो!" म्हणून ओरडायचे आणि लगेच ओंडका सोडायचे. हटलात तर हटलात. पुढं मुकादम गेले, ओंडके सोडायचं काम आमच्याच माणसांच्या हाती आलं, पण हाक तीच राहिली. "करप्या!" एवढंच ओरडायचं. ऐकणाऱ्याचे पाय आधी हलतात, काय झालं ते मागनं कळतं. आमच्या घराण्यात सगळ्यांच्या पायांना तो शब्द माहीत होता. माझा थोरला चालायला लागला तेव्हापासून ह्यांनी त्याला दुसऱ्या कशानं हाक मारलीच नाही. नाव ठेवलं होतं चांगलं, मीच हट्टानं ठेवलेलं, पण ते शाळेत राहिलं.

संध्याकाळी घरी आल्यावर पोरानं सांगितलं. शहरात तो गाड्या दुरुस्त करायच्या कारखान्यात होता. तिथं एक नवा माणूस आला, खालच्यांपैकी. त्यानं एक दिवस मागून हाक मारली, "ए करप्या, पाना दे."

"आणि मी वळलो," थोरला म्हणाला. "बाबा, मी वळलो. पानासुद्धा पुढं केला. कारखाना खदाखदा हसला. तो म्हणाला, बघा, शिकवावं लागत नाही ह्यांना. त्यानंतर सगळेच तसं बोलवायला लागले. शेवटी मी एकाच्या थोबाडीत दिली, आणि मालकानं मला काढलं."

"बरं केलंस," हे म्हणाले. "मी असतो तर दोन दिल्या असत्या."

"तुम्ही असतात तर तुम्हीही वळला असतात."

हे जरा चिडूनच म्हणाले, "अरे, पण त्याचं आणि आपलं एक कसं होईल? त्यानं म्हटलं ती शिवी. मी म्हणतो ती हाक आहे. मी तुला जन्म दिलाय. मी प्रेमानं नाही म्हणायचं तर कुणी म्हणायचं?"

"मला लहानपणापासून ती हाक लावलीत म्हणून तर मान वळली माझी. त्याला आयतं मिळालं."

"म्हणजे चूक माझी?"

"तसं मी कुठं म्हटलं?"

"दुसरं काय म्हणतोयस मग?"

मी मधे पडले. म्हटलं, "जेवा आधी, मग काय ती डोकी फोडा एकमेकांची." जेवले दोघं, पण तोंडं दोन दिशांना.

त्या वर्षी ठेकेदारानं आम्हाला घाई लावली होती. पावसाच्या आत उतार रिकामा करा, नाहीतर पुढच्या हंगामाला यंत्र आणतो आणि तुम्हाला घरी बसवतो, असं तोंडावर सांगून गेला होता. तेव्हा थोरला आला ते बरंच झालं. दुसऱ्या दिवसापासून तो खालच्या तळावर उभा राहिला. वरून आलेला ओंडका थांबला की त्याला साखळी अडकवायची, मग ट्रॅक्टर ओढून नेतो. अवघड काम, पण पोरगा दणकट. हे वर, तो खाली, मधे सगळा उतार आणि तो चर. हे "करप्या!" ओरडायचे, तो बाजूला व्हायचा, पण वर बघायचा नाही. दिवसभरात बापलेकांचं तेवढंच बोलणं. मला बघवायचं नाही. म्हणायचे मनातल्या मनात, अरे एवढा बैलासारखा वाढलास, बापाच्या एका शब्दाचं किती मनाला लावून घेशील! आणि ह्यांचाही राग यायचा. एक शब्द सोडायला काय होतं माणसाला, जीभ झडते का?

मग धाकटीला बघायला माणसं आली. माझी धाकटी घरात सगळ्यांत सावळी. सावळी कसली, काळी. कोवळ्या पानासारखी तकतकीत कातडी, हसली की घर भरल्यासारखं वाटतं. माणसं आपलीच होती, पलीकडच्या डोंगरावरची, आमच्यासारखीच ओंडके ओढणारी. मुलाच्या आईनं चहा घेतला, घर बघितलं, पोरीला चार प्रश्न विचारले. उठता उठता मला म्हणाली, अगदी गोड आवाजात, "पोरगी गुणी आहे हो. पण जरा जास्तच करपलीय. आमचा कसा, उजळ आहे त्यातल्या त्यात. उद्या नातवंडं..." आणि हसली. वर म्हणते कशी, "आपल्यातल्या आपल्यात बोलायला काय हरकत आहे, नाही का?"

धाकटी तिथंच उभी होती, हातात रिकामे कप. तिनं ते खाली ठेवले नाहीत, काही नाही. नुसती उभी राहिली. माझ्या जिभेवर आलं होतं की बाई, तुझं तोंड आरशात बघितलंयस का कधी? पण ह्यांनीच आधी दार उघडलं. म्हणाले, "या तुम्ही." बाई भांबावली. "अहो, मी काय परकी म्हणून बोलले का?" हे पुन्हा म्हणाले, "या."

माणसं गेली. धाकटी मागच्या अंगणात जाऊन भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती. हे तिच्याजवळ जाऊन उकिडवे बसले. मग म्हणाले, "मी तुला कधी म्हटलं का गं तसं?"

"म्हणता की," ती म्हणाली. "करपे माझे, पाणी आण. करपे माझे, झोप आता."

"तेव्हा वाईट वाटायचं?"

तिनं हातातलं भांडं फिरवलं. "तुमचं नाही वाटायचं. पण बाबा, आज तिनं म्हटलं ना, तेव्हा मला तुमचाच आवाज ऐकू आला."

मी दारातून बघत होते. ह्यांच्या तोंडावरचा रंगच उडाला. आयुष्यात ह्या माणसाला मी रडताना बघितलं नव्हतं, तेव्हाही रडले नाहीत, पण उठताना गुडघ्याला हात लावून उठले, म्हाताऱ्यासारखे.

रात्रीची जेवणं व्हायच्या आधी थोरल्याला जवळ बोलावलं. म्हणाले, "आजपासून तो शब्द माझ्या तोंडी नाही. घरात नाही, डोंगरावर नाही. तुझी शपथ." आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ह्यांचा तो खडबडीत, डिंकानं काळा पडलेला हात. थोरला घोड्याएवढा झालेला, तरी मान खाली घालून मुकाट उभा राहिला. मग म्हणाला, "बाबा, शपथ कशाला?" पण आवाज ओला होता. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं चला, सुटलं एकदाचं.

पुढचे दिवस किती चांगले गेले म्हणून सांगू! थोरल्यानं ठरवलं, आता उतारावर "बाजू!" ओरडायचं. बाकीच्यांनी खूप चेष्टा केली. बोका तर हेटाळणीनं म्हणाला, "अरे, आता ओंडक्यालाही अहोजाहो करायचं का? ओंडकेसाहेब, या." पण ह्यांनी मनावर घेतलं होतं. अगदी जीव तोडून पाळायचे. सवयीनं "क" तोंडात यायचा, मग ओठ मिटायचे, गिळायचे, आणि "बाजू!" म्हणायचे. मध्येच नुसतं "क... क..." करत राहायचे, तेव्हा बोका म्हणायचा, "वहिनी, ह्याच्या घशात कोंबडी अडकलीय, काढा." आम्ही बायका साल सोलता सोलता पोट धरून हसायचो. खाली थोरलाही हसायचा. आता वर बघायचा तो. हात वर करून बापाला खूण करायचा. घरी आल्यावर हे त्याच्या नावानं हाक मारायचा प्रयत्न करायचे. इतकं अवघडून म्हणायचे की परक्याच्या घरी पाहुणे गेल्यासारखे वाटायचे. धाकटी म्हणायची, "बाबा, बाळच म्हणा की, तेवढं तरी जमेल." आणि थोरला लाजायचा.

मी तेव्हा मनाशी म्हणत होते, आता हा राहील. शहरात नाही जायचा परत. मला त्याच्याशिवाय दुसरं काय हवं होतं?

त्या सकाळी धुकं होतं. सोललेले ओंडके दवानं ओले झाले की हाताला साबणासारखे लागतात. ढीग उंच झाला होता, कारण ठेकेदाराचा ट्रॅक्टर आधीचे दोन दिवस बंद होता. खाली एक ओंडका चरातच आडवा अडकला होता. थोरला चरात उतरला, पाठमोरा वाकला आणि साखळी त्याच्याखालून घालायला लागला. वर कुणी काही सोडणार नव्हतं, म्हणून तो निर्धास्त होता. मी ढिगाच्या जवळच होते, हातात सुरा. हे ढिगाला लावलेला खुंट ठोकून घट्ट करत होते.

खुंट मोडला. आवाज फार मोठा नव्हता, वाळकी फांदी मोडते तेवढाच. सगळ्यात वरचा ओंडका हलला, क्षणभर थांबल्यासारखा झाला आणि चरात उतरला. मीच सोललेला तो.

मी ह्यांच्याकडे बघितलं, कारण ओरडायचं काम ह्यांचं. ह्यांचं तोंड उघडलं. मला दिसलं, स्पष्ट दिसलं. तो शब्द वर आला होता. आणि ह्यांनी ओठ मिटले. रोज करायचे तसे, सवय झाली होती तशी. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. गिळला ह्यांनी तो. मग तोंड पुन्हा उघडलं, आणि "बाजू!" आलं.

थोरला वळला. अर्धाच वळला. डोकं आणि छाती चराबाहेर फेकली त्यानं. पाय राहिले.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. बोक्यानं आणि इतरांनी पहारी घालून ओंडका उचलला. हे त्याला पाठीवर घेऊन धावत उतरले, त्या ओल्या उतारावरून, आणि एकदाही पाय घसरला नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तो शुद्धीवर होता. "आई, साखळी नीट लागली होती," एवढंच दोनदा म्हणाला.

मोठ्या दवाखान्यात एक पाय कापला. दुसरा ठेवला, पण नुसता नावाला. दरवाज्याबाहेर बाकड्यावर आम्ही दोघं बसलो होतो. ह्यांच्या शर्टावरचं रक्त वाळून कडक झालं होतं. भिंतीकडे बघत हे मला म्हणाले, "तू बघितलंस."

मी म्हटलं, "हो."

"त्याला सांगायचं नाही."

"अहो, पण तुम्ही..."

"तो विचारेल मला, उशीर का झाला म्हणून. मी सांगेन, माझं लक्ष नव्हतं. बोक्याशी बोलत होतो, तिकडं बघत होतो."

"पण बोका तर पलीकडं करवतीवर होता!"

"मग सांगेन, डुलकी लागली. धुकं होतं, थंडी होती, उभ्या उभ्या डोळा लागला."

"खोटं! तुम्ही उतारावर डुलकी घेणार? कोण विश्वास ठेवणार?"

"तो ठेवेल," हे म्हणाले. "रागात माणूस ठेवतो. माझ्यावर राग धरून तो जगेल गं. पण त्यानं मला शपथ घ्यायला लावली म्हणून हे झालं, असं त्याच्या मनात गेलं, तर नाही जगायचा."

"शपथ तुम्हीच घेतलीत. तो तर कशाला म्हणत होता."

"त्याला तसं वाटणार आहे का?"

मला त्या माणसाला मारावंसं वाटत होतं आणि त्याच्या पाया पडावंसंही वाटत होतं.

थोरल्यानं विचारलंच. ह्यांनी सांगितलं, डोळा लागला. "डोळा लागला," पोरगा छताकडे बघत म्हणाला. एवढंच. त्यानंतर बापाशी बोलणं बंद.

घरी आणलं. खाट दाराजवळ टाकली, उजेड यावा म्हणून. सुरुवातीला माणसं येऊन बसायची, हळूहळू यायची थांबली. उतार पावसाच्या आत रिकामा झाला नाही, ठेकेदार यंत्राची भाषा करून गेला, पण त्याचं आम्हाला काहीच वाटलं नाही. हे डोंगरावर जायचे बंद झाले. दिवसभर पोराचं करायचे. कूस बदलायची, अंग पुसायचं, भांडं द्यायचं, नेऊन धुवायचं. मला करू द्यायचे नाहीत. थोरला त्यांच्याकडे न बघता हात वर करायचा, हे त्याच्या काखेत हात घालून उचलायचे. इतके हळू उचलायचे की मला आठवायचं, हा बाळ होता तेव्हासुद्धा ह्यांनी त्याला कधी इतकं हळू उचललं नव्हतं.

डोंगरावर काय ओरडतात, ते बोक्यानं एकदा सांगितलं. आता दोन्ही ओरडतात म्हणे, ज्याच्या तोंडात जे येईल ते.

त्या दिवशी दुपारी हे थोरल्याची जखम धुवायला ऊन पाणी घेऊन आले. दोन रात्रींचं जागरण होतं, पोराला ताप होता म्हणून. तांब्या कलंडला आणि पाणी सगळं त्याच्या अंथरुणावर, उरलेल्या पायावर सांडलं. भाजलं नाही, पण दचकला तो.

"ए करप्या!" थोरला ओरडला. "झोपलायस का इथंही? एक काम धड जमत नाही तुला, करपा तो करपाच शेवटी!"

मुकादमच बोलला जणू. तोच सूर, तोच तुकडा तोडल्यासारखा आवाज. शहरातल्या त्या माणसाचाही असाच असेल. त्या घरात तो शब्द हजार वेळा बोलला गेला असेल, पण ह्या आवाजात कधीच नाही. आणि बापाला अरेतुरे! धाकटी चुलीजवळ होती, तिनं दोन्ही कान झाकून घेतले.

ह्यांनी मान वर केली. पोराकडे बघितलं. मग म्हणाले, "हो रे. चुकलं माझं." आणि कोरडं कापड घेऊन पाय टिपायला लागले, बोटांच्या बेचक्यांतून, टाचेखालून, सावकाश. चादर बदलली. ओली चादर गोळा करून बाहेर आले आणि दोरीवर टाकली.

मी उठले होते. माझं डोकं फिरलं होतं. म्हटलं आता बास झालं, आता सांगते त्याला, अरे, तुझ्या शपथेला जागला म्हणून तुझा पाय गेला, झोपला नव्हता तुझा बाप. मी उंबऱ्यात पाय टाकला आणि ह्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट धरलं, दुखेल इतकं.

"आवाज ऐकलास त्याचा?" हे म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं, आणि हसत होते. "किती दिवसांनी असा मोठ्यानं बोलला. अंगात जोर आलाय बघ. बरा होतोय तो."

मी पायरीवर बसले. हेही माझ्याजवळ बसले. आत थोरला रडायला लागला होता. आधी दबून, मग मोठ्यानं. बापासाठी तो शब्द त्याच्याच तोंडून गेला, हेच त्याला लागलं होतं, आम्हाला दोघांनाही ते माहीत होतं. धाकटीनं दारातून आमच्याकडे बघितलं, कुणी आत जातंय का म्हणून.

आम्ही नुसते बसून राहिलो. आत जायला आमच्यापैकी कुणाचाच पाय उचलला नाही.